बदक काय खातं आणि बदकाला काय लागतं

‘बदकाला काय, काहीही चालतं’ हे वाक्य बदकं पाळणाऱ्या बहुतेक घरांत ऐकू येतं आणि ते खोटं नाही, अर्धं आहे. केरळात समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या कुट्टनाडच्या शेतांत भाताची कापणी उरकली की बदकांचे मोठमोठे कळप खाचरांत उतरतात. एका शेतातलं संपलं की पुढचं शेत, तिथलंही संपलं की गाडीत घालून दुसरा जिल्हा, कधी शेजारचं राज्य. राखणारा हातात लांब काठी घेऊन मागून चालतो. खाद्याच्या पोत्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. बदक चिखलात चोच खुपसून सांडलेला दाणा उचलतं आणि त्याबरोबर गोगलगाय, गांडूळ, अळ्या, तणाचं बी, पाणवनस्पतींची कोवळी पानंही. दाण्यातून ऊर्जा मिळते, गोगलगायीच्या मांसातून प्रथिनं, तिच्याच शंखातून कॅल्शियम, किड्यांतून आणि हिरव्या पाल्यातून जीवनसत्त्वं. मालकाला यातलं काहीही मोजावं लागत नाही, कारण निवड बदक स्वतः करत असतं.

आता हेच बदक मांसासाठी सहा-सात आठवड्यांत तयार करायचं म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा. त्याच्यासमोर एकाच पोत्यातलं खाद्य येतं आणि त्याची निवड संपते. पोत्यात जे नाही ते त्याला कुठूनच मिळणार नाही आणि पोत्यात जे वाईट आहे ते टाळायलाही त्याला जागा नाही. तळ्यावर ‘काहीही’ खाणारा हा पक्षी शेडमध्ये आला की पोल्ट्रीतल्या नाजूक पाहुण्यांपैकी एक ठरतो. मांसासाठी वाढवलेल्या बदकांच्या पोषणाचा अभ्यास खऱ्या अर्थानं शेडच्या दारापाशी सुरू होतो.

आपल्याकडे बदकाच्या मालकाला दुकानात जे मिळतं ते बहुधा कोंबडीचं खाद्य असतं. दुकानदार ब्रॉयलर स्टार्टरचं पोतं काढून देतो आणि पुष्कळदा त्यावर भागतंही. यात नवल नाही. आधुनिक पोषणशास्त्राचा पाया रचण्यात कोंबडीचा वाटा फार मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन यांना सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना दिसले आणि तिथून बेरीबेरीचं कोडं सुटत गेलं. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांना ‘के’ जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांच्या रक्तस्रावातून सापडलं. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. एवढा अभ्यास शेजारच्या खुराड्यात तयार असताना बदकवाल्यांनी तो उसना घेतला नसता तरच आश्चर्य. पण ही उसनवारी कुठे चालते आणि कुठे नडते, हे ओळखण्यात या विषयाचा निम्मा अभ्यास येतो. या प्रस्तावनेत मी मुख्यतः नडणाऱ्या जागांकडेच बोट दाखवणार आहे.

पहिली नडणारी जागा चोचीतच आहे. कोंबडीची चोच टोकदार, दाणा टिपण्यासाठी घडलेली. बदकाची चोच रुंद, चपटी. तिच्या कडांना आतून कंगव्याच्या दात्यांसारख्या बारीक पट्ट्या असतात. जीभ मागेपुढे होऊन पाणी आत ओढते आणि कडांतून बाहेर ढकलते. अन्न त्या पट्ट्यांत अडकून राहतं. म्हणजे हे तोंड मुळात ओलं अन्न गाळून घेण्यासाठी आहे. त्यात कोंबडीला असतो तसा पिशवीसारखा स्पष्ट गळू बदकाला नाही. अन्ननलिकेचाच एक भाग फुगून तेवढ्यापुरता साठा करतो. कोरडं खाद्य तिथे सुखानं पडून राहत नाही, त्याला लगेच पाणी लागतं.

कोरड्या भरड्याचं भांडं आणि पाण्याचं भांडं शेजारी ठेवून बदकाकडे थोडा वेळ बघत बसावं. ते भरड्यात चोच घालतं, दोन-तीन घास घेतं. पीठ ओल्या चोचीला, नाकपुड्यांच्या कडेला चिकटतं. मान वर करून ते पाण्याकडे जातं, चोच बुडवून झटकतं. पीठ पाण्यात जातं. पुन्हा भरडा, पुन्हा पाणी. तासाभरात पाण्याची पेज होते, दुपारपर्यंत ती आंबते आणि संध्याकाळी भांडं उपडं केलं की तळाशी बोटभर जाडीचा थर निघतो. मालकाच्या वहीत तो थर ‘खाल्लेलं खाद्य’ म्हणून लागलेला असतो. खाद्याचा खर्च का वाढला याचं उत्तर सूत्रात शोधण्याआधी त्या थरात शोधावं. गोळी केलेल्या खाद्याचा बदकाला कोंबडीपेक्षा जास्त उपयोग होतो तो याच कारणानं. लहान पिलांना साधारण तीन मिलिमीटर जाडीची आणि दोन आठवड्यांनंतर चार-पाच मिलिमीटरची गोळी दिली की सांडलवंड झपाट्यानं कमी होते. गोळीयंत्र परवडत नसेल तर भरडा पाण्यात कालवून द्यावा, पण दोन-तीन तासांत संपेल एवढाच. उरलेला काढून भांडं धुवावं.

पाण्याचं गणितही वेगळं आहे. कोंबडी खाद्याच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी पिते, बदक चौपटीच्या. त्यामुळे विष्ठा पातळ, गादी ओली, हवेत अमोनिया. भाताच्या तुसाची गादी कोंबडीच्या शेडमध्ये आठवडेच्या आठवडे टिकते. बदकाच्या शेडमध्ये तिच्यावर रोज नवा थर टाकावा लागतो. पाणी कमी ठेवून गादी कोरडी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. पाणी तुटलं की बदकाचं खाणंही तुटतं. पोहायला तळं नसलं तरी वाढ होते, पण भांडं एवढं खोल हवं की पक्ष्याला नाकपुड्यांपर्यंत चोच बुडवून डोळे धुता यावेत.

हा पक्षी आला कुठून, तेही सांगायला हवं. मस्कोव्ही सोडलं तर जगातली जवळपास सगळी पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाची वंशज आहेत. मस्कोव्ही दक्षिण अमेरिकेतलं, वेगळ्याच जातीचं; दोघांच्या संकरातून खेचरासारखी वांझ संतती होते आणि तैवान व फ्रान्समध्ये ती मुद्दाम वाढवली जाते. मांसाच्या व्यवसायात मात्र राज्य आहे ते पांढऱ्या पेकिनचं. चीनमधून ते १८७३ मध्ये अमेरिकेत पोहोचलं. जहाजातून उतरलेल्या मोजक्या पक्ष्यांपासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आख्खा उद्योग उभा राहिला आणि विसाव्या शतकात तिथेच, कॉर्नेल विद्यापीठाच्या ईस्टपोर्ट इथल्या प्रयोगशाळेत, बदकाच्या खाद्यावरचं पुष्कळसं पद्धतशीर काम झालं. आज जगातलं बदकाचं बहुतांश मांस चीन तयार करतो आणि नवं संशोधनही मोठ्या प्रमाणावर तिथूनच येतं.

विद्यार्थ्याच्या हाती सर्वांत आधी पडतो तो अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा १९९४ चा तक्ता. पांढऱ्या पेकिनसाठी तो सांगतो: पहिल्या दोन आठवड्यांत किलोमागे २९०० किलोकॅलरी ऊर्जा आणि २२ टक्के प्रथिनं, त्यानंतर सातव्या आठवड्यापर्यंत ३००० किलोकॅलरी आणि १६ टक्के प्रथिनं. मेथिओनिन आधी ०.४० आणि मग ०.३० टक्के, लायसिन ०.९० आणि ०.६५. आकडे जुने आहेत, आजची वाणं त्यांच्यापेक्षा वेगानं वाढतात, तरी अभ्यासाची सुरुवात इथूनच करावी, कारण पुढचे बहुतेक वाद याच तक्त्याशी घातलेले आहेत.

आकडे डोळ्यांपुढे आणण्यासाठी एक मिश्रण मांडू. शंभर किलो खाद्यात ६० किलो मका आणि ३५ किलो सोयाबीन पेंड धरली. मक्यात सुमारे ९ टक्के प्रथिनं, म्हणजे ५.४ किलो. पेंडीत ४६ टक्के धरली तर १६.१ किलो. बेरीज २१.५, आपण २२ च्या उंबरठ्यावर आलो. ऊर्जा थोडी कमी पडते, ती एक-दोन किलो तेलानं भरून निघते. राहिलेल्या तीनेक किलोत डायकॅल्शियम फॉस्फेट, चुनखडी, मीठ, थोडं कृत्रिम मेथिओनिन आणि जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण. सोयाबीनच्या प्रथिनांत लायसिन भरपूर, मेथिओनिन अपुरं. म्हणून ते वेगळं घालावं लागतं. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडला की वाढला हे बदकवाल्यानंही वाचायला हवं, ते यामुळे.

दोन आठवड्यांनंतर प्रथिनांत एवढी मोठी उतरंड का? पिलू पहिल्या पंधरवड्यात अक्षरशः फुगतं. अंड्यातून निघताना ते पन्नास-साठ ग्रॅमचं असतं, दुसऱ्या आठवड्याअखेर पाऊण किलोच्या घरात जातं. या काळातली वाढ ही हाडं आणि स्नायू यांची, म्हणून प्रथिनांची गरज शिगेला पोहोचलेली. पुढे शरीर चरबी साठवू लागतं आणि टक्केवारीनं प्रथिनांची गरज उतरते. याहून मजेची गोष्ट अशी, की सुरुवातीला प्रथिनं थोडी कमी पडून मागे राहिलेलं पिलू पुढे चांगलं खाद्य मिळालं तर बरीचशी पिछाडी भरून काढतं. आपल्याकडे महागडं स्टार्टर खाद्य किती दिवस द्यायचं हा प्रश्न रोजचा आहे. बदक या बाबतीत मालकाला थोडी सवलत देतं. ऊर्जेच्या बाबतीत मात्र ते स्वतःच हिशेब ठेवतं. खाद्य पातळ, म्हणजे कमी ऊर्जेचं असेल तर ते जास्त खातं आणि वजन जवळपास तेवढंच गाठतं. पाच रुपये किलोमागे वाचले म्हणून घेतलेलं कोंडामिश्रित खाद्य शेवटी स्वस्त पडतंच असं नाही. किलोमागचा भाव बघण्यापेक्षा वाढलेल्या किलोमागचा खर्च बघावा.

आता ज्या जागी कोंबडीचं खाद्य बदकाला सर्वांत उघडपणे नडतं तिथे येऊ. वाढत्या ब्रॉयलरसाठी तोच तक्ता किलोमागे ३५ मिलिग्रॅम नायसिन सांगतो आणि वयाबरोबर आणखी उतरवतो. बदकासाठी आकडा आहे ५५, सगळ्या वयांसाठी. बहुतेक प्राण्यांचं शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडं नायसिन स्वतः बनवतं. बदकाच्या यकृतात या वाटेवरचं एक विकर इतकं जोरात काम करतं की ट्रिप्टोफॅनचा बराचसा भाग नायसिन होण्याआधीच दुसऱ्या फाट्याला वळतो. त्यामुळे त्याला आयतं नायसिन लागतं. तळ्यावर ते किड्यांतून, माशांतून मिळतं. शेडमध्ये मका आणि पेंडीत ते पुरेसं नसतं आणि धान्यातलं जे असतं त्यातला मोठा भाग बांधलेल्या रूपात असल्यानं आतड्यात सुटत नाही.

परिणाम पायांत दिसतो. पिलू चांगलं खातंपितं, डोळे तरतरीत, पण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उठताना डगमगायला लागतं. मग गुडघ्यासारखा दिसणारा मधला सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात आणि पिलू त्या सांध्यांवर टेकून सरपटतं. ते खाद्याच्या भांड्यापर्यंत इतरांच्या नंतर पोहोचतं, म्हणून आणखी मागे पडतं. पुष्कळ ठिकाणी याला ‘कॅल्शियम कमी पडलं’ म्हणतात आणि शिंपल्याचा चुरा वाढवतात. त्यानं काहीच होत नाही. सुरुवातीलाच पाण्यातून नायसिन दिलं किंवा खाद्यात यीस्ट मिसळलं तर पिलं उभी राहतात. वाकलेलं हाड एकदा घट्ट झालं की मग उपाय राहत नाही.

मराठी वाचकाला हे जीवनसत्त्व अनोळखी वाटू नये. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब कुटुंबांत पेलाग्रा हा कातडी काळी पाडणारा रोग आढळत असे आणि तो याच नायसिनच्या अभावाचा. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिनच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवलं. ते मत पुढे वादात सापडलं, पण धान्य पोटभर मिळूनही माणूस पोषणाला मुकू शकतो हा मुद्दा त्यानं ठसवला. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आणि त्यानं बांधलेलं नायसिन सुटं होई; चुना न वापरता मका उचलणाऱ्या युरोपातल्या गरिबांत पेलाग्रा पसरला. बदकाच्या पिलाचे वाकडे पाय आणि माणसाची काळी पडलेली कातडी एकाच प्रकरणात येतात, ती या नात्यानं.

पुढची नडणारी जागा याहून गंभीर आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी धडाधड मरू लागले. एक लाखाहून जास्त पक्षी गेले. त्यांच्याबरोबर बदकाची पिलंही गेली. रोगजंतू सापडेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. पेंडीवर वाढलेल्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीनं तयार केलेलं विष हे कारण ठरलं आणि बुरशीच्याच नावावरून त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हटलं गेलं. अतिनील प्रकाशात त्याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. इंग्रजीतल्या त्या रंगांच्या आद्याक्षरांवरून त्यांना बी आणि जी ही नावं मिळाली. यात बदकाचं स्थान विशेष आहे. पाळीव पक्ष्यांत या विषाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्यांत बदकाचं पिलू येतं, इतकं की रासायनिक चाचण्या सरावाच्या होण्याआधी संशयित पेंडीचा अर्क एका दिवसाच्या पिलाला देऊन त्याच्या यकृतातल्या पित्तनलिकांची वाढ तपासत आणि त्यावरून विष आहे की नाही ते ठरवत. कोंबडी ज्या खाद्यावर जरा मंद वाढते त्याच खाद्यावर बदकाची पिलं मरू शकतात. ‘त्याच पोत्यातलं कोंबड्यांनी खाल्लं, त्यांना काही झालं नाही’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही.

शेंगदाणा पेंड आपल्या घरातली वस्तू आहे. गुरांना घालतो, परसातल्या पक्ष्यांपुढेही टाकतो. पावसाळी हवेत ओलसर गोदामात ठेवलेली पेंड बदकाच्या पिलांना देऊ नये, इतकं साधं सांगणं पुरे व्हावं, पण होत नाही. कारण पेंड बहुतेक वेळा दिसायला चांगली असते. ढेप फोडली आणि आत हिरवट पूड दिसली तर ती फेकणारे फेकतात. बुरशी मरून गेल्यावरही विष मागे राहतं आणि उकळल्यानं, भाजल्यानं ते पुरतं जात नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मकाही याला अपवाद नाही. १९७४ च्या शरद ऋतूत गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसानं भिजलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं यकृताच्या आजारानं दगावली. तोच मका खाणारी कुत्रीही मेली. म्हणून मक्याची ओल मोजणारं छोटं यंत्र बदकवाल्याकडे असावं आणि जमिनीपासून उंच फळ्यांवर पोती असावीत, असा माझा आग्रह आहे. महागड्या औषधांचा क्रम त्यानंतर लागतो.

बाकीच्या गोष्टी इथे ओझरत्याच सांगतो, त्या आपापल्या प्रकरणात सविस्तर येतील. तांदळाचा कोंडा बदकाला आवडतो आणि भातपट्ट्यात तो सहज मिळतो, पण गिरणीतून निघाल्याबरोबर त्यातलं तेल खवट होऊ लागतं; ताजाच वापरावा किंवा तेल काढलेला घ्यावा. त्यातलं फॉस्फरस बहुतांशी फायटेट या संयुगात अडकलेलं असतं, म्हणून लेबलावरच्या एकूण फॉस्फरसवर भरवसा ठेवता येत नाही. मोहरीच्या पेंडीला आणि सरकीला मर्यादा आहेत. बदकाला तंतुमय खाद्य चांगलं पचतं असं नेहमी म्हणतात. ते कोंबडीपेक्षा फार जास्त पचत नाही, बदक नुसतं तेवढं जास्त खाऊन घेतं. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचंही असंच. पूरक म्हणून उत्तम. पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, तेव्हा टोपलीभर अझोला म्हणजे प्रत्यक्षात ओंजळभर खाद्य. उन्हाळ्यात आटत्या डबक्यातली कुजकी घाण आणि मेलेल्या जनावरांवरच्या अळ्या खाऊन बदकांच्या माना लुळ्या पडतात. ते बोटुलिझम आहे. शेडमधल्या बदकाला हा धोका कमी आणि मोकळ्या बदकाला जास्त. तळं नेहमीच कनवाळू असतं असं नाही.

भारतात बदक मुख्यतः अंड्यांसाठी पाळलं जातं आणि मांस हे त्याचं उपउत्पादन: जास्तीचे नर, अंडी थांबलेल्या माद्या. कुट्टनाडची चारा आणि चेंबल्ली, आसामची पाती, बिहारची मैथिली ही वाणं अर्धरानटी चाऱ्यावर तगणारी, फार तर दीड-दोन किलोंवर थांबणारी. त्यांच्यापुढे पेकिनचा तक्ता ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. केरळ आणि त्रिपुरात रुळलेलं व्हिगोवा सुपर एम आणि पांढरं पेकिन ही खास मांसाची. आपल्याकडच्या परिस्थितीत पेकिन सुमारे सहा आठवड्यांत सव्वादोन ते अडीच किलो भरतं आणि किलोभर वाढीला सव्वादोन ते पावणेतीन किलो खाद्य घेतं. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथलं केंद्र सरकारचं बदक पैदास केंद्र आणि भुवनेश्वरचं संशोधन केंद्र ही विद्यार्थ्यानं ठाऊक ठेवावीत अशी दोन ठिकाणं.

महाराष्ट्रात हा धंदा लहान आहे, पण त्याला लागणारा कच्चा माल लहान नाही. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव आहेत, भातगिरण्या आहेत, कोंडा आणि कणी आहे. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन आहे. किनाऱ्यावर सुकट आहे. जपानच्या फुकुओकामध्ये ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून भातातच बदकं सोडून तण, कीड आणि खत हे तिन्ही प्रश्न एकत्र हाताळले. त्यांची पद्धत आपल्याकडे आणताना लोक बदक आणतात आणि त्याचं रोजचं थोडं पूरक खाद्य विसरतात. भाताला लोंबी आली की फुरुनो बदकं बाहेर काढतात आणि तिथून पुढे ती धान्यावर वाढतात, हा भाग वगळला तर पद्धत अर्धी राहते.

खाऊ घालण्याच्या या शास्त्रात एक जागा अशी आहे जिथे ‘किती खाईल’ हा प्रश्न संपून ‘किती कोंबायचं’ हा सुरू होतो. बीजिंगच्या भाजलेल्या बदकासाठी शेवटच्या दिवसांत नळीनं खाद्य भरण्याची जुनी रीत आहे. फ्रान्समध्ये यकृत सुजवण्यासाठी तेच अधिक टोकाला नेलं जातं. स्थलांतर करणाऱ्या पूर्वजांकडून आलेली चरबी साठवण्याची क्षमता हेच त्यामागचं शरीरशास्त्र, आणि म्हणून अभ्यासकाला ते समजून घ्यावंच लागतं. ती रीत आपण उचलावी असं मला वाटत नाही. भारतानं २०१४ मध्ये अशा यकृताच्या आयातीवर बंदी घातली, ते योग्यच झालं.

शेवटचा प्रश्न बदक कधी कापायचं, आणि त्याचं उत्तर रानबदकाच्या आयुष्यात आहे. मॅलार्डचं पिलू पहिल्या दिवसापासून पोहतं, पण उडायला त्याला पन्नास-साठ दिवस लागतात. म्हणून पाय आधी भरतात आणि छातीचे उडण्याचे स्नायू मागाहून. पाचव्या आठवड्याआधी कापलेल्या बदकाच्या छातीवर हाती लागण्यासारखं मांस नसतं. आठव्याच्या पुढे वाढ मंदावते, खाणं मंदावत नाही, आणि जे वाढतं ते बहुतेक चरबीत जातं; शिवाय नव्या पिसांचे खुंट फुटतात आणि साफ करणारा वैतागतो. तयार बदकाच्या वजनातला चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त त्वचा आणि तिच्याखालची चरबी असते. ती कमी हवी तर शेवटच्या टप्प्यात ऊर्जेच्या मानानं प्रथिनं वाढवायची. जास्त हवी तर उलट. हे ठरवताना गिऱ्हाईक कोण आहे ते आधी विचारावं. वसईच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळला बदकाची मोयली होते, आसाममध्ये कोहळ्याबरोबर बदक शिजतं. या स्वयंपाकांत चरबी रश्शात उतरते आणि तीच त्याची चव. शहरातल्या हॉटेलला मात्र छातीचा स्वच्छ, कमी चरबीचा तुकडा लागतो. दोघांसाठी शेवटच्या तीन आठवड्यांचं सूत्र वेगळं राहील. कापण्याआधी आठ-दहा तास खाद्य बंद ठेवायचं, पाणी मात्र शेवटपर्यंत चालू.